गाडी मागे येते आहे

३ नोव्हेंबर

ही डायरी बर्फाच्या कारखान्यातल्या शेटने जानेवारीत आईला दिली होती. आई वेसाव्याच्या बाजारात मासे विकते, डायरी लिहीत नाही, त्यामुळे ती कपाटात कोरीच पडून होती. दहा महिने आमच्या घरात लिहिण्यासारखं काही घडलंच नाही असं धरायचं. आज घडलं. आज मी फोर्कलिफ्टवर बसले, एकटी, शेजारी मास्तर नसताना.

मरोळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये इतकी वर्षं मी बायकांच्या टेबलावर कोळंबी निवडत होते. फोर्कलिफ्ट चालवणारे पुरुष आमच्याकडे टिकत नाहीत, शिकले की दुबईला पळतात. शेवटी विपुलसर, म्हणजे आमचे सुपरवायझर, टेबलापाशी येऊन म्हणाले, तुमच्यातली कोणी शिकते का. सगळ्या हसायला लागल्या. मीही हसले, पण हात वर करून. ट्रेनिंग झालं, परीक्षा झाली, लायसन्स गळ्यात आलं.

गाडी बॅटरीवर चालते. पिवळी, बुटकी, वजनाने हत्ती, आणि आवाज म्हणून नाही. शिवाय ती मागच्या चाकांवर वळते. आपण पुढे बघून वळवावी तर तिचं ढुंगण भलतीकडेच जातं. ट्रेनिंगचे मास्तर रोज तेच तेच घोकायचे, की समोरचं सगळ्यांनाच दिसतं, माणूस मरतो तो गाडीच्या मागे. आणि माल डोळ्यांच्या वर गेला, पुढचं दिसेनासं झालं, तर नियमानेच गाडी रिव्हर्समध्ये चालवायची. म्हणजे अर्धा दिवस मी उलटीच जाणार.

गाडी मागे घेताना हात दाखवायला, म्हणजे इशारे करायला, बरोबर कुंडलिककाका दिले आहेत. सगळा जन्म कॉम्प्रेसर रूममध्ये काढला त्यांनी. आता तिथे सगळं आपोआप चालतं, म्हणून काका डॉकवर, जिथे मालाचे ट्रक लागतात. सकाळी मी मागून म्हटलं, काका, नमस्कार. वळले नाहीत. पुन्हा म्हटलं. तरी नाहीत. बाई गाडीवर बसली हे पोटात दुखलं असणार. दुखू दे.

७ नोव्हेंबर

काकांबद्दल मी जरा घाईच केली. माणूस कामाला चोख आहे. गाडी मागे येत असली की काका तिच्या वाटेत, तिच्याकडे तोंड करून उलटे चालतात, डोळे एकदा चाकांवर, एकदा माझ्या तोंडावर. पापणी हलत नाही. पहिले दोन दिवस मला राग आला होता, असं काय बघतात म्हणून. पण नजर वाईट नाही. कामाची नजर आहे.

चेंबरमध्ये उणे वीस तापमान. पंख्यांची घरघर, सगळ्यांच्या कानांवर मंकी कॅप. तिथे कुणीच कुणाचं ऐकत नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. बाहेर डॉकवर येऊनही लोक ओरडूनच बोलतात, सवयच लागलेली. मला काही त्रास नाही. कोळ्यांच्या घरात जन्मलेल्याला ओरडणं शिकवावं लागत नाही.

आमचं दोघांचं आता छान जमलंय. काकांना काही सांगायचं असलं की मी डॉकच्या लोखंडी पत्र्यावर बूट आपटते, ते बघतात, मी हात करते. दिवसभरात एक शब्द बोलावा लागत नाही. विपुलसर म्हणाले, तुमची जोडी झकास आहे.

१२ नोव्हेंबर

आमच्या भिंतीपलीकडे पूर्वी रंगाचा कारखाना होता. आता तिथे टॉवर आहे. खालच्या मजल्यांचे बेडरूम बरोबर आमच्या डॉकवर उघडतात. तिथल्या लोकांनी तक्रार केली, की तुमच्या गाडीच्या रिव्हर्स हॉर्नने पहाटेपासून डोकं उठतं. पोलीस चौकीतून हवालदार येऊन चहा पिऊन गेला. तो जाताच विपुलसरांनी पक्कड मागवली आणि हॉर्नची वायर तोडून टाकली. हाताने दाबायचा हॉर्नही त्याच वायरवर, तोही गेला.

मी म्हटलं, सर, हा हॉर्न चैन म्हणून नाही बसवलेला. गाडी मुकी आहे. चेंबरचं दार उघडलं की गरम हवेने धुकं होतं, प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पडद्यातून मी उलटी बाहेर येते तेव्हा मला काही दिसत नाही. पलीकडच्याला निदान ऐकू तरी यायला हवं. सर म्हणाले, मान्य आहे. शंभर टक्के मान्य. पण वरून आदेश आहे, थोडे दिवस सांभाळून घे. आणि काका आहेत ना.

हो, काका आहेत. पण काका म्हणजे काही वायर जोडलेला हॉर्न नाही.

१५ नोव्हेंबर

आज मी माणूस मारणार होते.

बांगड्याच्या खोक्यांची लाकडी पॅलेट घेऊन मागे येत होते. काका त्या वेळी पाठमोरे, खाली पडलेली पट्टी उचलायला वाकलेले. मी ब्रेक मारला, पण बर्फावर गाडी सरकते. मी ओरडले. माझा आवाज अख्ख्या वेसाव्यात पोचतो, काका जागचे हलले नाहीत. मग मी माल उचलायचे लोखंडी काटे धाडकन खाली सोडले. पत्रा हादरला तसे ते उडाले आणि बाजूला झाले. चाक त्यांच्या टाचेपाशी थांबलं.

मला हसून दाखवलं त्यांनी. खिशातून आल्याची वडी काढून दिली. मी अजून ब्रेक दाबून बसले होते आणि हा माणूस मला वडी देतो. मी चिडून म्हटलं, एवढी बोंब मारली तरी हलायचं नाही, कसला हा ताठा. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "चुकलं गं पोरी. आता तुझ्याकडे पाठ नाही करणार."

मग मीच हॉर्न झाले. दुपारपासून गाडी मागे घेताना आईसारखी हाळी देते, हटाऽ हटाऽ, पाटी आलीऽ. लोक हसतात, पण हटतात.

१७ नोव्हेंबर

टॉवरमधून पुन्हा तक्रार. आता म्हणे एक बाई सकाळी सकाळी किंचाळते.

विपुलसरांनी हात जोडले. मी मॅनेजरांकडे गेले. ते म्हणाले, तुझं बरोबर आहे. युनियनच्या माणसाकडे गेले. तो म्हणाला, तुझं अगदी बरोबर आहे, लावून धर. सगळं जग माझ्या बाजूने आहे आणि हॉर्न तुटलेलाच. भांडायला समोर कोणी असतं तर बरं झालं असतं. इथे सगळे मान डोलावतात. रात्री झोप लागत नाही, डोळे मिटले की टाच दिसते. कुणाच्या तरी अंगावर माझी गाडी जाणार आणि तेव्हाही हे सगळे म्हणतील, तुझं बरोबर होतं.

२३ नोव्हेंबर

आज रविवार, मजा झाली. काका सुके बोंबील घ्यायला वेसाव्यात आले होते, तर मी त्यांना घरी आणलं. आमचे बाबा चाळीस वर्षं मच्छीमार बोटीच्या इंजिनावर होते. आता गुडघ्यांमुळे बोट सुटली, वरच्या माळ्यावर खिडकीत बसून जाळी विणतात. त्यांना कोणी भेटायला आलं की स्वर्ग.

दोघं असे बसले जसे लहानपणचे मित्र. बाबा वादळात इंजिन बंद पडलं त्याची गोष्ट सांगत होते, काका त्यांच्या गावच्या विहिरीची. बाबा म्हणाले, तीन दिवस पाणी नव्हतं प्यायला. काका म्हणाले, हो ना, तळाला खडकच लागला. कुणाचाच कुणाला पत्ता नाही, आणि दोघं खूश. मी आणि आई जिन्यात बसून पोट धरून हसलो. आई म्हणाली, "यो तं तुज्या बापासचाच भाव." बडबडीत खरंच भाऊ शोभतात.

चहा झाला तरी गोष्टी संपेनात. आईने खालून हाक मारायच्या भानगडीत न पडता वर येऊन फळीवर पाय आपटला, तेव्हा दोघांनी एकदमच वळून बघितलं. जाताना काका बाबांचा हात सोडेनात. मला म्हणाले, भाग्यवान आहेस, तुझ्या बापाला घरात कोणी हिडीसफिडीस करत नाही. मी म्हटलं, कशाला करतील. ते म्हणाले, करतात गं लोक.

२७ नोव्हेंबर

ज्याला कोणी विचारत नाही त्याच्याकडेच जायचं ठरवलं. सुट्टी घेऊन टॉवरमध्ये गेले. लिंबू लावून आंघोळ केली होती, तरी लिफ्टमधल्या बाईने नाकाला रुमाल लावला.

तक्रार करणाऱ्या उत्तरा मॅडम. भांडखोर असेल अशी तयारी करून गेले होते. निघाली थकलेली बाई. सासू अंथरुणाला खिळलेली, रात्रभर विव्हळते, पहाटे जरा डोळा लागतो आणि त्याच वेळी आमचं टीं टीं सुरू होतं. मॅडमनी मला खिडकीपाशी नेलं. खाली आमचा डॉक. वरून तो हातभर दिसतो आणि गाडी खेळण्यातली वाटते. मी त्यांना सांगितलं, ती गाडी मुकी आहे, आणि मागे माझा एक माणूस असतो.

"मी वायर तोडायला नव्हतं हो सांगितलं," त्या म्हणाल्या. "मला फक्त सकाळी थोडी शांतता हवी होती."

त्यांचे यजमान इंजिनियर आहेत. त्यांनी फोनवर शोधून दाखवलं, दुसऱ्या जातीचा हॉर्न मिळतो. टीं टीं नाही करत, नुसता खरखर खरखर करतो, गाडीच्या मागे उभ्या माणसाला ऐकू येतो आणि भिंतीपलीकडे जात नाही. मला तर मिठीच मारावीशी वाटली. मॅडम म्हणाल्या, सोसायटीतर्फे मी तुमच्या मॅनेजरना लिहिते.

५ डिसेंबर

हॉर्न बसला. बसला, बसला, बसला.

हाताचा हॉर्नही पुन्हा जोडून दिला. मॅनेजर स्वतः डॉकवर आले. मी गाडी मागे घेतली, खरखर खरखर, वर बघितलं तर खिडकीत उत्तरा मॅडमनी अंगठा दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर म्हणाले, ही मुलगी नसती तर आपण तसेच राहिलो असतो. टेबलावरच्या बायकांनी मला खांद्यावर उचलायचंच बाकी ठेवलं. काकाही टाळ्या वाजवत होते, इतरांपेक्षा जरा उशिरा, सगळ्यांकडे बघून. मी त्यांना विचारलं, कसा आहे आवाज. म्हणाले, छान आहे, छान.

आज झोप लागेल.

८ डिसेंबर

हॉर्न आला म्हणून विपुलसरांनी काकांना माझ्या गाडीवरून काढलं. आता हात दाखवायला माणूस कशाला, म्हणाले. काकांना चेंबरच्या उंबऱ्यावर साचणारा बर्फ खरवडायचं काम दिलं. बसून करायचं काम आहे, वय बघता बरंच झालं.

पण काकांना ते आवडलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत माझ्यापाशी येऊन बसले. म्हणाले, सरांना सांग, मला गाडीसमोरच राहू दे. मी म्हटलं, काका, काम हलकंच झालंय की. ते म्हणाले, "मला तू समोर दिसलेली बरी गं."

मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. अजूनही माझ्या चालवण्यावर भरवसा नाही असंच झालं ना हे. मी म्हटलं, आता हॉर्न आहे, आता मी दिसायची गरज नाही, कान आहेत ना. त्यांनी कानटोपी नीट केली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग डबा पुढे केला, शेंगदाण्याची चटणी होती. मी घेतली. नंतर विपुलसरांना सहज म्हटलं, काकांना गाडीवरच ठेवा ना. सर म्हणाले, तूच हॉर्न मागितलास, आता तूच म्हणतेस माणूस पण हवा. मग मी गप्प बसले. एक गोष्ट मिळाल्यावर लगेच दुसरी मागायला तोंड लागतं.

१२ डिसेंबर

काकांच्या पायावरून गाडी गेली. माझी गाडी. मी चालवत होते.

डोक्यात तेच तेच फिरतंय म्हणून लिहिते. सुरमईचे खोके उंच रचलेले होते, म्हणून नियमाप्रमाणे रिव्हर्समध्ये निघाले. पडद्याच्या अलीकडे थांबले. हाताचा हॉर्न दोनदा दिला. वाट बघितली. पलीकडून कोणी आवाज दिला नाही. मान वळवून बघितलं, सगळं पांढरं धुकं. हळू सोडली. खरखर चालूच होती. पट्ट्या गाडीवरून सरकल्या आणि मग चाक कशावर तरी चढलं. दगडासारखं नव्हतं ते.

काका उंबऱ्यावर पडद्याकडे पाठ करून बसून बर्फ खरवडत होते.

त्यांनी एकच हाक मारली, आई गं. लोक धावले, कोणी गाडी पुढे घेतली, कोणी त्यांना उचललं. मी खाली उतरून उभी होते. घाईत कोणीतरी गाडीचा दांडा पुन्हा रिव्हर्सला टाकला होता, आणि तो हॉर्न वाजतच राहिला, किती वेळ. शेवटी मीच जाऊन चावी काढली.

१३ डिसेंबर

पाय गुडघ्याखाली काढला. विपुलसरांनी फोनवर सांगितलं. म्हणाले, तू काही मनाला लावून घेऊ नकोस, कॅमेऱ्यात सगळं आहे.

१६ डिसेंबर

घरीच आहे. जेवण जात नाही. एकच प्रश्न, ते हटले का नाहीत. हाताचा हॉर्न दिला होता, मागचा वाजत होता, फूटभर अंतर. माझ्यावर राग होता का? गाडीवरून काढलं म्हणून? माणूस रागाने पाय ठेवतो का चाकाखाली?

संध्याकाळी बाबा माळ्यावर खिडकीकडे तोंड करून जाळी विणत होते. मी आईला सांगितलं, त्यांना जेवायला बोलवते, आणि जिन्यातूनच हाक मारली. पुन्हा मारली. आई खालून म्हणाली, "हाका कनाला मारतस? पाय आपट."

मी पाय आपटला. बाबा वळले.

मी तिथेच फळीवर बसले. आमच्या घरात बाबांना कोणी बहिरं म्हणत नाही. इंजिनावरचे सगळेच खलाशी तसे होतात, त्यात काय बोलायचं. मी चालायला लागल्यापासून पाय आपटते आहे. आणि काकांसाठीही पहिल्या आठवड्यापासून आपटत होते. पत्र्यावर बूट आपटायचा, ते बघायचे, मी हात करायचे. माझ्या पायाला माहीत होतं. मला नव्हतं. सगळ्या कंपनीत दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर एक वेळ चाललं असतं, मला कळायला हवं होतं. ते माझ्या घरी येऊन बाबांशेजारी बसून गेले आणि मी जिन्यात बसून हसले.

ज्या माणसाचा जीव नुसत्या डोळ्यांवर चालला होता, त्याचे डोळे मी दुसरीकडे फिरवले. टाळ्या घेऊन.

१८ डिसेंबर

काकांच्या घरून नलिनीकाकूंचा फोन आला. मी रडायला लागले तर त्याच मला गप्प हो म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, तुला कळलं असेल ना त्यांचं. मी हो म्हटलं. कॉम्प्रेसर रूममध्येच कान गेले, म्हणाल्या, आता बरीच वर्षं झाली. दरवर्षी कंपनीचा डॉक्टर येतो, रांगेत विचारतो, ऐकू येतं ना. पुढचा हो म्हणतो ते बघून हेही हो म्हणतात. आता रिटायर व्हायला थोडंच राहिलं होतं.

"चौकशीत हे सांगू नको बाई," काकू म्हणाल्या. "लपवून काम केलं म्हणतील. मग काहीच नाही मिळायचं."

मी शब्द दिला.

२० डिसेंबर

आज चौकशी झाली. मोठ्या ऑफिसातून साहेब आले होते. सभ्य माणूस, मला पाणी दिलं, बसायला लावलं.

मी ठरवून गेले होते. कानाचं बोलायचं नाही आणि सगळं आपल्यावर घ्यायचं. मी म्हटलं, साहेब, माझी चूक आहे, मी न बघता गाडी सोडली. साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. डॉकवरच्या कॅमेऱ्यात मी थांबलेली दिसते. हॉर्नचं बटण दोनदा दाबलेलं दिसतं. मान वळवलेली दिसते. गाडीचा वेग मुंगीचा. साहेब म्हणाले, ट्रेनिंगला दाखवावं असं तुम्ही चालवलंय, उगाच स्वतःला दोष देऊ नका.

मग त्यांनी विचारलं, मागचा हॉर्न चालू होता ना. विपुलसर म्हणाले, हो सर, नवाच आहे, हिनेच भांडून बसवून घेतला. साहेब माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. म्हणाले, मग तो गृहस्थ उठला का नाही?

सगळे माझ्याकडे बघत होते. खरं बोलले तर काकांनी लपवलं. खोटं बोलले तर काकांनी ऐकूनही दुर्लक्ष केलं. मी म्हटलं, त्यांना तिथे बसवायलाच नको होतं, तो गाडीचा रस्ता आहे. साहेब म्हणाले, बरोबर आहे, पुढच्या वेळी काळजी घेऊ, पण हॉर्न ऐकल्यावर कोणीही उठेल ना. मी म्हटलं, मला माहीत नाही.

कामगाराचा निष्काळजीपणा, असं ठरलं. भरपाईचं पुढे बघतील म्हणे. बाहेर आल्यावर विपुलसरांनी माझ्या पाठीवर थाप मारली, सुटलीस म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता.

काकांविरुद्ध काही पुरावा नव्हता. मग माझा हॉर्नच पुरावा झाला. तो नसता तर आज कंपनीची चूक निघाली असती. मी काही केलंच नसतं तर काका अजून गाडीसमोर उलटे चालत असते, माझ्या तोंडाकडे बघत. यातून कुठे जायचं ते मला कळत नाही. काकूंचा फोन येऊन गेला, कसं झालं विचारायला. मी उचलला नाही.

२८ डिसेंबर

आज हॉस्पिटलात गेले. इतके दिवस नाही गेले, धीर नव्हता. आईने बोंबलाची चटणी बांधून दिली. काकूंना खाली औषधाच्या रांगेत गाठलं आणि निकाल सांगून टाकला. त्यांनी पदराने चेहरा पुसला आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, वर जा, वाट बघतात.

वॉर्डच्या शेवटच्या खाटेवर काका भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मी खाटेच्या टोकाशी उभी राहिले. काका म्हणून हाक मारली, सवयीने. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने बघितलं. काकांनी नाही. मग मी पाय उचलला, आपटायला. आणि तो तसाच खाली ठेवला. त्यांच्यासमोर मला पाय आपटता येईना.

तशीच उभी राहिले. बऱ्याच वेळाने ते आपणहून वळले. मी दिसले तसे हसले, तेच आपलं हसू. आज त्यांनी माझ्या ओठांवरचे शब्द वाचायची घाई केली नाही, आधी चेहऱ्याकडेच बघत राहिले. मी तोंड उघडलं, मला सगळं सांगायचं होतं, चौकशीचं, बाबांचं, पाय आपटायचं. त्यांनी हाताने थांबवलं.

"हॉर्न चालू होता ना गं?" त्यांनी विचारलं. नेहमीसारखं मोठ्याने, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं.

मी मान डोलावली.

"मग झालं. तुझ्यावर काही येणार नाही."

मला रडताना बघून ते कोपरावर जरा उठले आणि खाटेवर हात आपटून मला बस म्हणाले. चादर जिथे सपाट पडली होती तिथे हात दाखवला. जागा आहे, म्हणाले. मी बसले.